बारीक धागा

सत्ताविसाव्या वर्षी स्वतःच्या आठवणी लिहायला बसणं हा आगाऊपणा आहे, असं मला आजवर तिघांनी सुनावलं. त्यातले दोघे साठीचे आहेत आणि त्यांनी अजून एक ओळ लिहिलेली नाही. फार थांबलं की माणूस स्वतःला थोडं थोडं माफ करत जातो, आणि मग म्हातारपणी आपण लहानपणी किती भोळे होतो ते लिहितो. मी भोळी नव्हते. सोळा वर्षांची होते, माझं वाक्य नेमकं लागायचं हे मला ठाऊक होतं, आणि त्या वाक्यांच्या जोरावर मी एका सत्तरीच्या माणसाला सगळ्यांसमोर कमरेइतक्या पाण्यात उभं केलं. ते कसं घडलं एवढंच या प्रकरणात आहे.

आम्ही अंबरपेठला राहायचो, पिठाच्या गिरणीच्या वरच्या दोन खोल्यांत. गिरणी चालू असली की जमीन थरथरायची आणि आईच्या फडताळातली भांडी एकमेकांना लागून बारीक वाजत राहायची. आजोबा उदगीरकडची शेती भावांना सोडून इकडे आले होते. वडील, ज्यांना मी अण्णा म्हणते, मराठी शाळेत मास्तर होते. पण मास्तरकी हा त्यांचा पोटाचा धंदा. खरा धंदा कागद काढणं. पत्रक हा शब्द आमच्या घरात कोणी वापरत नसे, कागदच म्हणत. नळाला पाणी नाही, कागद. लग्नात हुंडा, कागद. गल्लीत कचरा, शाळेत फी, देवळात लाऊडस्पीकर, प्रत्येकावर कागद. मी अक्षरं शिकले ती गल्लीतल्या छापखान्याच्या प्रुफांवर. एकदा अण्णांचं आणि आईचं भाजीवरून वाजलं, तेव्हा अण्णांनी घरकामाच्या वाटणीवर एक पानभर मजकूर लिहून ओट्यावर चिकटवला. आईने तो वाचला, काढला, आणि त्याने तवा पुसला. "शाई चांगली आहे," ती म्हणाली, "काळं निघत नाही."

शनिवारी संध्याकाळी मात्र घरात शाईचा नाही, चाऱ्याचा वास असायचा. अण्णांना मासे धरायचा नाद होता, आणि कटला, रोहू हे मोठे मासे अळीगांडुळाला हुंगत नाहीत. त्यांना गोळा लागतो. शेंगदाण्याची पेंड, तांदळाचा कोंडा, भाजलेली बडीशेप, आणि बेगम बाजारातून आणलेला नागरमोथा, असं सगळं आई लोखंडी कढईत परतायची. "माणसांना इतकी फोडणी कधी मागितली नाही," असं पुटपुटत परतायची, पण करपू द्यायची नाही. मी शेजारी बसून गळ बांधायची. अण्णांच्या डोळ्याला बारीक दिसेनासं झालं होतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं. धाग्याचे सात वेढे, एक उलटी गाठ, आणि गाठ सुटू नये म्हणून तिच्यावर माझ्या जांभळ्या नेलपॉलिशचा एक थेंब. अशी गाठ दुसरं कोणी बांधत नसे. मला तिचा गर्व होता.

धागा बारीक असायचा, हे सांगायला हवं. त्या धाग्यावर दोन किलोचा मासा सुखाने निघायचा, आणि आम्ही ज्यांच्या मागे होतो ते आठ-दहा किलोचे असत. अण्णांचं त्यावर तत्त्व होतं. "जाड दोराने ओढणं म्हणजे जुलूम. त्यालाही सुटायची संधी पाहिजे. दोघांना सारखी संधी असेल तरच तो खेळ." यावरही एक कागद होता, 'न्याय्य शिकार' नावाचा, आणि काठावरच्या इतरांनीही तो तेलुगूत वाचून धागे बारीक केले होते. मासा लागायचा, चरखी किंचाळायची, अण्णा पाऊण तास त्याच्या मागे काठाने धावायचे, आणि बरेचदा धागा तटकन तुटायचा. मग अण्णा टोपी काढायचे. खरंच काढायचे. "जिंकला पठ्ठ्या," म्हणायचे. मला त्या क्षणी ते जगातले सर्वांत थोर गृहस्थ वाटायचे.

ही जागा शहराच्या वरच्या अंगाला होती, मुसी नदी शहरात शिरून नासायच्या आधी. तलावाचे दरवाजे उघडले की खडकांतून एक धार निघायची आणि तिच्याबरोबर तलावातले मोठे मासे खाली यायचे. रविवारी पहाटे आम्ही स्कूटरवरून तिथे जायचो. काठावर दहा-बारा ठरलेली माणसं. त्यांत पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान चालवणारा बालराजू हा पुढारी. आणि सगळ्यांपासून लांब, खालच्या खडकावर, खादरचाचा.

खादरचाचा जुन्या मोहल्ल्यांतल्या विहिरी साफ करायचे. विहिरी बुजल्या तसा धंदाही बुजला. त्या धंद्यातलं एकच हत्यार त्यांच्याकडे उरलं होतं, पडलेली बादली काढायचा चार नख्यांचा लोखंडी आकडा. ते मासे जाड, मळकट दोराने धरायचे. लागला की दोन मिनिटांत बाहेर, आणि बाहेर आला की डोक्यावर लाकडी मोगरीचा एक घाव. बाकीचे आपले मासे जबड्यातून दोरी ओवून दुपारपर्यंत पाण्यात बांधून ठेवत, ताजे राहावेत म्हणून आणि आल्यागेल्याने बघावेत म्हणूनही. खादरचाचांना ते बघवत नसे. मला गोळा कसा मळायचा, तो पाण्यात किती वेळात विरघळला पाहिजे, हे त्यांनीच शिकवलं होतं. अण्णा मला गळाच्या काठीला कधी हात लावू देत नव्हते, ती चाचांनी माझ्या हातात दिली होती.

"क्या सम्ता बेटी, आज भी तेरे अब्बा मच्छी के पीछे दौड लगाए?"

"खेळ आहे तो, चाचा."

"हौ, खेल तो है. मच्छी कू कोई बताया क्या?"

मी अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. "दोराने ओढणाऱ्याला काय कळणार," म्हणाले. मीही हसले.

काठावरचा एक नियम सगळे पाळत. पावसाळा सरला, तलावाचे दरवाजे बंद झाले, की काठ्या वर. धार आटते, मासे खालच्या एका डोहात अडकतात, आणि तिथे गळ टाकणं म्हणजे कोंडलेल्याला मारणं. तो डोह जाळेवाल्या कोळ्यांचा. ते आठवड्या-दोन आठवड्यांनी येऊन जाळं ओढत. तोपर्यंत कोणी पाण्याला हात लावायचा नाही.

त्या वर्षी दरवाजे बंद झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी एकटी तिथे गेले. शाळा लवकर सुटली होती आणि चाऱ्याचा डबा खडकावर राहिला होता. डोहाजवळ आले तर खादरचाचा कमरेपर्यंत पाण्यात उभे. हातात दोराला बांधलेला तो आकडा. त्यांनी तो फेकला, तळाशी बसू दिला, झटक्याने ओढला. पुन्हा फेकला, पुन्हा झटका. तिसऱ्यांदा दोर ताठ झाला, पाणी फाटलं आणि माझ्या कमरेएवढा कटला वर आला. त्यांनी त्याला मांडीशी दाबून धरलं, तोंडात बोटं घातली, काहीतरी केलं, आणि मग मोगरी मारली. मासा पिशवीत गेला. आकडा पुन्हा पाण्यात.

मी हाक मारली नाही. वीस पावलांवर होते. "चाचा, काय करताय?" एवढं विचारायला किती वेळ लागला असता? पण आमच्या घरात विचारायची पद्धत नव्हती. आम्ही बघायचो आणि लिहायचो. बसमध्येच माझं पहिलं वाक्य तयार झालं: 'जो कोंडलेल्याला आकड्याने ओढतो, त्याला काठावर बसायचा अधिकार नाही.' आजही सांगते, वाक्य वाईट नाही.

अण्णांनी मजकूर दोनदा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी पुढे दहावीच्या निकालालाही पाहिला नाही. "नाव कुठंय?" त्यांनी विचारलं.

"तसंच सगळ्यांना कळेल की."

"नाव नसलेला कागद म्हणजे कुजबुज. नाव घाल."

आई भाकरी थापत होती. "त्याला विचारलंस का गं?"

"डोळ्यांनी पाहिलंय मी."

"तसं नाही. विचारलंस का?"

"पुराव्याला विचारावं लागत नाही," अण्णा म्हणाले, आणि आईने पुढची भाकरी तव्यावर जरा जोरात टाकली.

काठावरचे सगळे तेलुगू वाचणारे, म्हणून कागद तेलुगूत काढला. शाळेतली माझी तेलुगू चांगली होती. शीर्षक होतं 'डोहातला चोर'. रविवारी काठ्या वर असल्या तरी माणसं चहाला यायची, खडकाजवळच्या टपरीवर. मी प्रत्येकाच्या हातात कागद ठेवला. वाचता वाचता त्यांचे चेहरे बदलत गेले. बालराजूने फोटो काढून तो भराभर फोनवर पाठवला. अर्ध्या तासात न येणारेही आले. आणि मग, रोजच्यासारखी पिशवी खांद्याला लावून, खादरचाचा आले.

कोणी सलाम घेतला नाही. बालराजूने कागद त्यांच्या छातीला लावला. "पढो."

"पढना आता तो कुंए में कायकू उतरता रे? क्या लिखे इसमें?"

"जिसने लिखा वोईच पढेंगी. सारू की बेटी!" बालराजू अण्णांना सारू, म्हणजे सर, म्हणायचा. "आ, पढ."

मी वाचलं. हे मला स्वच्छ आठवतं, आणि दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी नाकारलं असतं: मला मजा आली. माझा आवाज खडकांवरून परत येत होता. एकेक तेलुगू वाक्य वाचून मी त्यांच्यासाठी दखनीत सांगत होते, हळू, म्हणजे एकही सुटू नये. चोर या शब्दावर मी थांबले देखील. ते मान किंचित वाकडी करून ऐकत होते, मी गोळा नीट मळते का हे बघताना करायचे तशी.

"आवाज अच्छी है तेरी," वाचून झाल्यावर ते म्हणाले. एवढंच.

मासे बांधायच्या दोऱ्या टपरीत टांगलेल्या असत. कोणीतरी एक काढली. दोरी त्यांच्या मनगटाला बांधली, दुसरं टोक पाण्यातल्या खुंट्याला, जिथे मासे बांधत तिथे. "खडा रह चाचा, मच्छी के वैसा. देखने दे सबकू." कोणी ढकललं नाही, ते स्वतःच उतरले. पाणी कमरेपर्यंत होतं आणि हिवाळा तोंडावर होता. लोक काठावर बसून चहा पीत होते. "कित्ते किलो का है रे?" "बूढा बोच्चे है, काँटेइच काँटे." बोच्चे म्हणजे कटला. मीही हसले असेन. हसले.

मग बालराजूने पुराव्यासाठी त्यांची पिशवी काठावर उलटी केली. मोगरी पडली, आकडा पडला. आकड्याच्या नख्या कानशीने घासून बोथट केलेल्या होत्या; त्या माशात रुतल्याच नसत्या. आणि एक पत्र्याचा डबा पडून उघडला. त्यात गळ होते. पन्नास, जास्तच. गंजलेले, काहींना गालफडाचं सुकलेलं मांस चिकटलेलं, आणि प्रत्येकाला तुटलेल्या बारीक धाग्याचं शेपूट. बालराजूला त्यात काही दिसलं नाही. "खुदके काँटे भी चोरी के," तो म्हणाला. पण डबा अण्णांच्या आणि माझ्या पायाशी पडला होता. सात वेढे, एक उलटी गाठ, जांभळा ठिपका. एक नाही, कितीतरी.

मला एका क्षणात सगळं कळलं, आणि अण्णांनाही. आमचे 'जिंकलेले' पठ्ठे तोंडात गळ आणि मागे तीस-चाळीस हात धागा घेऊन जायचे. पाणी उतरलं की तो धागा डोहातल्या खडकांत अडकायचा. मासा जागीच बांधला जायचा, खाता येत नाही, खोल जाता येत नाही, वर ऊन. खादरचाचा बोथट आकड्याने ते अडकलेले धागे ओढून काढत होते. जगण्यासारखा असेल त्याचा गळ काढून सोडत होते, नसेल त्याला मोगरी. मी पाहिला तो न जगणाऱ्यांतला होता.

मी वर पाहिलं. खादरचाचा पाण्यातून माझ्याकडे बघत होते. मी बोलेन म्हणून नव्हे. बोलते का ते बघत होते. एक वाक्य पुरलं असतं. माझा आवाज अजून गरम होता, सगळे माझं ऐकत होते, त्या सकाळी मी काहीही सांगितलं असतं तर मानलं असतं. अण्णांनी वाकून डब्याचं झाकण लावलं. टक् असा आवाज झाला. मग त्यांनी डबा पिशवीत ठेवला, आणि मी काही बोलले नाही.

दुपारपर्यंत त्यांना ठेवलं. सोडलं तेव्हा बोटं पांढरी पडली होती आणि त्यांना दोरीची गाठ स्वतःला सोडता येईना. बालराजूने सोडली. "फिर इधर नक्को आओ," तो म्हणाला, तसा सौम्यपणेच.

घरी आल्यावर मी अण्णांना म्हटलं, दुसरा कागद काढायचा. मला वाटलं नाही म्हणतील. ते नाही म्हणाले नाहीत, आणि इथेच आमच्या घराची खरी गंमत आहे. त्यांनी तांबडं पेन घेतलं. मी लिहिलं होतं, 'आम्ही खोटं लिहिलं.' त्यांनी 'खोटं' खोडून 'अपुऱ्या माहितीवर' केलं. मी ते खोडलं. त्यांनी 'चूक' चा 'गैरसमज' केला. मी म्हटलं, गैरसमज नव्हता, डबा पाहिल्यावर आपण गप्प बसलो. ते म्हणाले, ते या कागदाच्या विषयात येत नाही. बारीक धाग्यावरच्या परिच्छेदावर तीन संध्याकाळी गेल्या. ते तत्त्व म्हणून बरोबरच आहे असं त्यांचं म्हणणं, अंमलबजावणीत दोष राहिला. मी ओरडले, ते ओरडले, गिरणी खालून थरथरत होती. आई मध्ये एकदाच बोलली. "दोघांपैकी कोणी त्याच्या घरी जाऊन का येत नाही?" आम्ही दोघांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती उठून आत गेली. आधी कागद, मग जाणं. हा क्रम आम्हाला इतका उघड वाटत होता. शेवटी मी माझा मजकूर माझ्या एकटीच्या नावाने आबिड्सच्या झेरॉक्सच्या दुकानात काढला. त्यात 'खोटं' होतं, 'चूक' होती, अण्णांचं नाव होतं, माझं होतं. काठावर वाटला. बालराजूने दोन ओळी वाचल्या, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "जाने दे मा, हो गया सो हो गया." या कागदाचा फोटो कोणी काढला नाही. टपरीवाल्याने उरलेल्यांत मिरचीची भजी बांधून दिली.

एक प्रत घेऊन मी खादरचाचांच्या घरी गेले. एक खोली, दारात शेळी. ते खाटेवर बसले होते, अंगावर घोंगडी, खोकला धरलेला. त्यांनी मला बस म्हटलं, सुनेला चहा ठेवायला सांगितला. मी कागद उघडला.

"चाचा, नवा काढलाय. खरं आहे ते सगळं लिहिलंय. वाचून दाखवते."

"नक्को."

"सगळ्यांना वाटलाय. सगळ्यांसमोर वाचते, हवं तर."

"पैला वाला पढी थी ना. वोईच याद है सबकू." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी रडून मोकळी झाले असते. "डोह में जाल पडी?"

"काल पडलं. कोळी आले होते."

"धागेवाले कित्ते निकले?"

मला माहीत नव्हतं. मी गेलेच नव्हते डोहापर्यंत. टपरीवरूनच कागद वाटून परत आले होते.

"मैं गिना था, चौदा थे. तीन निकाला मैं, फिर तुम लोगां आने नहीं दिए." ते खोकले, घोंगडी सावरली. "कित्ते दिन लगे ये छपने कू?"

"नऊ."

सून चहा घेऊन आली. त्यांनी कप माझ्याकडे सरकवला आणि तिला सांगितलं, तिने काही विचारलं नव्हतं तरी:

"नौ दिन. मूं में काँटा लेको, धूप में, नौ दिन."